मुंबईत जेवावे कोठे?

खेड्यातला माणूस मुंबईला हौसेने क्वचितच जातो. बहुतेक वेळा कामच त्याला तिकडे ओढून नेते. कोणाचा बाप परळच्या केईएम रुग्णालयात असतो. कोणाच्या बायकोला टाटा रुग्णालयात तपासायला सांगितलेले असते. कोणाचा जमिनीचा दावा हायकोर्टात असतो, तर कोणाला मंत्रालयात अर्ज द्यायचा असतो. निघताना घरची बाई भाकऱ्या, चटणी, कांदा फडक्यात बांधून देते. ती शिदोरी एक दिवस पुरते. दुसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, आता जेवायचे कोठे?

हा प्रश्न लहान वाटतो, पण हिशेब करून पाहा. रोग्याजवळ दोन माणसे राहिली. दोघे दोन वेळा जेवली. दर जेवणाला ५० रुपये जास्त गेले, तर दिवसाला २०० रुपये जास्त गेले. मुक्काम महिनाभर पडला, तर ६,००० रुपये गेले. एवढ्यात औषधाच्या किती तरी गोळ्या आल्या असत्या. याच्या उलटही होते. पैसे वाचवायचे म्हणून काही माणसे महिनाभर वडापाव आणि चहावर काढतात. मग रोगी बरा होतो आणि त्याच्याजवळ बसलेला अंथरूण धरतो.

म्हणून स्वस्त, ताजे आणि पोटभर अन्न मुंबईत कसे शोधावे, ते या पाठात सांगितले आहे. तुम्हाला आता वाचता येते. मुंबईत उतरल्यावर या विद्येचा पहिला उपयोग हॉटेलच्या पाटीवर करा.

पाटी काय सांगते?

आपण गावाकडे चहाच्या दुकानालाही हॉटेल म्हणतो. मुंबईत हॉटेल म्हणजे चहाचे दुकानही असते, आणि एका रात्रीला हजारो रुपये घेणारी राहायची जागाही असते. तेव्हा नुसत्या 'हॉटेल' या शब्दावर जाऊ नका. खालचा बारीक शब्द वाचा.

'उपाहारगृह' असे लिहिले असेल तर तिथे नाश्त्याचे पदार्थ मिळतात. पोहे, मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, इडली, डोसा. काही ठिकाणी दुपारी जेवणही मिळते. 'भोजनालय' किंवा 'खाणावळ' म्हणजे जेवणाची जागा. 'बोर्डिंग' हा जुना शब्द आहे, त्याचाही अर्थ जेवणाची सोय असाच. 'लॉजिंग-बोर्डिंग' असेल तर राहण्याची आणि जेवणाची, दोन्ही सोयी. 'लंच होम' ही पाटी दिसली की आत बहुधा मासे आणि मटण मिळते. 'परमिट रूम' किंवा 'बार' लिहिले असेल तर तिथे दारू मिळते. तिथेही जेवण मिळते, पण दर चढे असतात. बायका-मुलांना घेऊन तिथे जाण्याचे काही कारण नाही.

पाटी वाचण्याची सोय कायद्यानेही केली आहे. महाराष्ट्रातल्या दुकानांची नावे मराठीत, देवनागरी अक्षरांत असली पाहिजेत. पूर्वी लहान दुकानांना यातून सूट होती. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहान-मोठी सगळी दुकाने त्यात आली. मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असेही त्यात आहे. आतले दरपत्रक मात्र पुष्कळदा इंग्रजीत असते. ते आले की लाजू नका. सरळ म्हणा, "दादा, मराठीत सांगा, काय काय आहे आणि केवढ्याला आहे."

रोजचे गिऱ्हाईक कोठे बसते?

चांगले आणि स्वस्त हॉटेल ओळखण्याची एक खूण आहे. तिथे कोण जेवत आहे ते पाहा.

मोठ्या स्टेशनाच्या तोंडाशी जे हॉटेल असते, त्याचे गिऱ्हाईक वाटसरू असते. ते आज येते, उद्या परगावी जाते. जेवण बरे नसले, दर जास्त लागला, तरी ते परत भांडायला येत नाही. मालकालाही ते ठाऊक असते. पण जिथे टॅक्सीवाले, पोस्टमन, पोलीस शिपाई, बँकेतले कारकून, रुग्णालयातले वॉर्डबॉय आणि आया जेवतात, तिथली गोष्ट निराळी. ही माणसे रोज येतात. आज आमटी पाणचट झाली, तर उद्या ती शेजारच्या हॉटेलात जातील. तिथे मालकाला दर आवरावा लागतो आणि चव राखावी लागते.

दुसरे कारण अन्नाच्या ताजेपणाचे. जिथे एका दुपारी दोनशे माणसे जेवतात, तिथे भात दोन-तीन वेळा शिजतो आणि संपतो. जिथे दहाच माणसे जेवतात, तिथे सकाळचा भात रात्री पुन्हा गरम होतो. म्हणून जेवणाच्या वेळेला रिकामे दिसणारे हॉटेल टाळावे, मग त्यातले दिवे कितीही झगमगोत. थोडे थांबावे लागले तरी भरलेल्या हॉटेलात जावे. तिथे अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसावे लागते. ही मुंबईची रीतच आहे. त्यात अपमान नाही.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिल्या दोन हॉटेलांत शिरू नका. आतल्या गल्लीत पाच मिनिटे चाला. किंवा वर्दीतल्या माणसाला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "इथे चांगले हॉटेल कोठे आहे?" असे विचारले, तर तो तुम्हाला मोठे हॉटेल दाखवील. "दादा, तुम्ही जेवता कोठे?" असे विचारा. मग तो खरी जागा सांगेल.

कचेरीजवळ अशी हॉटेले हटकून असतात. ठाण्याची मामलेदार मिसळ तुम्ही ऐकली असेल. ती हॉटेलाच्या मालकाच्या नावावरून प्रसिद्ध नाही. तहसील कचेरीजवळचे ते दुकान, म्हणून लोक त्या मिसळीला मामलेदाराची मिसळ म्हणू लागले. कचेरीतले कारकून आणि खेड्यांतून दाखल्याला आलेले लोक हेच तिचे पहिले गिऱ्हाईक. ती फार तिखट असते, हे मात्र आधी सांगून ठेवतो. कमी तिखट मागितली तर तशीही देतात.

खाणावळीची गोष्ट

मुंबईला पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसाला पहिला घास खाणावळीने दिला. परळ, लालबाग, वरळी, नायगाव या भागाला गिरणगाव म्हणत. तिथे कापडाच्या गिरण्या होत्या. कोकणातून आणि घाटावरून हजारो गडी तिथे कामाला आले. बायका-मुले गावी. एका खोलीत पुष्कळ जण पाळीपाळीने झोपायचे. चूल पेटवायला जागा नाही आणि वेळही नाही. मग चाळीतली एखादी बाई दहा-वीस जणांचे जेवण रांधून द्यायची. महिना भरला, पगार झाला, की गडी तिचे पैसे चुकते करायचे. हीच खाणावळ.

त्या बायांचे हाल मात्र कोणी पाहिले नाहीत. पैसे महिन्याने मिळायचे आणि धान्य रोज लागायचे. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत त्या बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र केले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. मंडळाने या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या दारात उभे राहणारी बाई बँकेत सही करू लागली. पुढे १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ खाणावळीही गेल्या. ज्या गड्यांची उधारी राहिली होती ते गावी गेले. ती उधारी बुडाली ती खाणावळवालीची. संपाचा इतिहास सांगताना लोक हे सांगायला विसरतात.

त्या खाणावळीची धाकटी बहीण आज मुंबईत जागोजागी दिसते. तिचे नाव 'पोळी-भाजी केंद्र'. दुकान एवढेसे असते. आत दोन-चार बाया पोळ्या लाटत असतात. बसायला जागा बहुधा नसते. पोळी नगावर मिळते, भाजी वाटीवर किंवा वजनावर. ज्वारीची भाकरी, पिठले, उसळ, वरण-भातही पुष्कळ ठिकाणी असतो. रुग्णालयात राहणाऱ्यांना मी आधी हीच जागा दाखवीन. घरच्यासारखे जेवण मिळते, तेल-मसाला बेताचा असतो. शिवाय लागेल तेवढेच घेता येते. एकाला तीन पोळ्या आणि एक भाजी पुरते, मग थाळीचे पैसे का द्या? घरून झाकणाचा डबा नेला तर पिशवीत ओतलेली गरम आमटी खावी लागत नाही. एक सांगतो, ही केंद्रे रात्री लवकर आवरतात. साडेआठ-नऊच्या आत जावे. रविवारी उघडे असते का, तेही विचारून ठेवावे.

उडप्याचे आणि इराण्याचे

कर्नाटकातल्या उडुपी गावाकडून आलेल्या लोकांनी मुंबईत शाकाहारी हॉटेले काढली. मुंबईकर त्यांना 'उडप्याचे हॉटेल' म्हणतो. इडली, मेदूवडा, डोसा, उपमा हे पदार्थ मराठी माणसाच्या तोंडी बसले ते इथे. माटुंगा स्टेशनाच्या पूर्वेला ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात. अशा जागी दोन तऱ्हेचे जेवण असते. एक 'लिमिटेड', म्हणजे ठरलेल्या वाट्या. दुसरे 'अनलिमिटेड', म्हणजे पोटभर. लिमिटेड स्वस्त असते. ज्याला दिवसभर राबायचे आहे त्याने पोटभर घ्यावे. ज्याला रुग्णालयात बसूनच राहायचे आहे त्याला लिमिटेड पुरते.

साध्या उडप्याकडे दुपारी 'राईस प्लेट' मिळते. हा शब्द नीट लक्षात ठेवा. राईस म्हणजे भात. पण राईस प्लेट म्हणजे नुसता भात नव्हे. चपाती किंवा पुरी, दोन भाज्या, आमटी, भात, लोणचे, पापड असे ते पुरे ताट असते. राईस प्लेटला वेळ असते. साधारण अकरा ते तीन. तीननंतर गेलात तर एकेक पदार्थ वेगळा मागवावा लागतो, आणि तेच जेवण दीडपट महाग पडते. डॉक्टरची वाट पाहण्यात जेवणाची वेळ टळू देऊ नका. दोघांनी पाळीपाळीने जाऊन यावे.

इराण्याची हॉटेले आता थोडी उरली आहेत. इराणमधून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी ती रस्त्यांच्या कोपऱ्यांवर काढली. धोबी तलावाजवळचे कयानी हे त्यांपैकी एक, ते १९०४ सालचे आहे. चहा आणि मस्का लावलेला कडक ब्रून पाव, एवढ्यावर तिथे निवांत बसता येई. गरीब माणसाला, विद्यार्थ्याला, बेकाराला ती मोठीच सोय होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या काळी काही हॉटेलांत जात पाहून आत घेत. दलिताला चहा बाहेर, वेगळ्या कपात मिळे. भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली. तिच्या १५ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही. हे कलम मोठ्याने वाचावे असे आहे. अंगावरचे धोतर मळके आहे, नऊवारी जुनी आहे, बोलणे गावाकडचे आहे, म्हणून दारात थबकू नका. पैसे देणारे गिऱ्हाईक म्हणून तुम्ही जात आहात. आत जा आणि बाकावर बसा.

दादर हे मराठी पदार्थांचे ठाणे आहे. स्टेशनाजवळ मामा काणे यांनी १९१० साली उपाहारगृह काढले, तेव्हा 'स्वच्छ' हा शब्द त्यांनी नावातच घातला. शिवाजी पार्काकडे प्रकाश आणि आस्वाद ही उपाहारगृहे नावाजलेली आहेत. तिथला साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ एकदा चवीसाठी खावी. रोजच्या जेवणाला ते खर्चाचे होईल. वडापावही दादरचाच. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनाबाहेर तो सुरू केला, असे सांगतात. भुकेच्या वेळी तो चांगला. पण ते जेवण नाही.

बसण्याआधी विचारा

आता मुख्य गोष्ट. खेड्यातला माणूस फसतो तो वाईट हॉटेलात जाऊन नव्हे. तो फसतो न विचारता बसून. एकदा ताट पुढे आले, घास मोडला, की दर विचारून काय उपयोग? म्हणून आधी फळ्यावरचे दर वाचा. फळा असा असतो. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत:

राईस प्लेट : १२० रुपये
स्पेशल थाळी : २२० रुपये
जादा चपाती : १५ रुपये
ताक : ३० रुपये
सुरमई थाळी : ३५० रुपये
पापलेट फ्राय : ए.पी.एस.
वातानुकूलित विभागाचे दर वेगळे
एका थाळीत दोघांनी जेवू नये
पार्सलचे ५ रुपये जादा

या फळ्यात चार खाचखळगे आहेत. ते एकेक करून पाहू.

वेटर पहिल्यांदा 'स्पेशल' म्हणेल. "काका, स्पेशल देऊ ना?" तुम्ही मान हलवली की १०० रुपये गेले. स्पेशलमध्ये गोड पदार्थ, दही, एखादी जादा भाजी असते. ती हवी असेल तर घ्या. नको असेल तर सांगा, "साधी राईस प्लेट द्या."

दुसरा खळगा 'वातानुकूलित' हा लांबलचक शब्द. त्याचा अर्थ यंत्राने गार केलेली खोली. आत शिरल्यावर वेटर आदराने त्या खोलीचे दार उघडतो. तिथे तीच आमटी आणि तीच चपाती असते, पण दर जास्त असतो. ऊन फार असेल, सोबत आजारी माणूस असेल, तर बसा. पण ठाऊक असून बसा.

तिसरा खळगा 'ए.पी.एस.' ही तीन अक्षरे. माशांच्या हॉटेलात ती दिसतात. दराच्या जागी आकडाच नसतो. मासा जेवढा मोठा, तेवढा दर, असा त्याचा अर्थ. पापलेट, खेकडा, मोठी कोळंबी यांच्यापुढे ही अक्षरे असतात. बोलणे असे करा:

"दादा, हे पापलेट आज केवढ्याला?"
"बघावं लागेल, काका. साइजवर आहे."
"मग बघून या. दर सांगा, मग आणा."

तो जाऊन येतो आणि आकडा सांगतो. जास्त वाटला तर बांगडा मागा, मांदेली मागा. हे मासे स्वस्त असतात, आणि ताजे असले तर पापलेटाच्या तोंडात मारतील. पावसाळ्याच्या सुरुवातीला सरकार यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी घालते, कारण तो माशांच्या विणीचा काळ असतो. त्या दिवसांत ताजा मासा कमी आणि बर्फातला जास्त. तेव्हा मासे खाण्याचा हट्ट धरू नये.

चौथा खळगा पाण्याचा. बसल्याबरोबर वेटर विचारतो, "बिसलरी की साधं?" बिसलरी हे एका कंपनीचे नाव, पण मुंबईत कोणत्याही बाटलीला तेच म्हणतात. काही ठिकाणी न विचारताच बाटली टेबलावर ठेवतात. झाकण फिरवले की ती तुमची झाली. दुकानात बाटलीच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पण हॉटेलात टेबलावर आणून दिलेल्या बाटलीला ते बंधन नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. म्हणून "साधं पाणी द्या" असे म्हणा. साध्या पाण्याची खात्री वाटत नसेल तर बाहेरच्या दुकानातून बाटली घेऊन पिशवीत ठेवा. स्टेशनावर 'रेल नीर' मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वेने एका लिटरच्या बाटलीची किंमत १५ वरून १४ रुपये केली.

बिल वाचावे कसे?

जेवण झाले, बडीशेप आली, बिल आले. लोक फक्त शेवटचा आकडा पाहतात. तुम्ही वरून खाली वाचा. न मागवलेला पदार्थ त्यात आहे का? एकाचे दोन झाले आहेत का? मग बेरीज करा.

खाली 'जीएसटी' नावाची ओळ असते. हा सरकारचा कर. साध्या हॉटेलात तो शंभराला ५ रुपये असतो. बिलात त्याचे अडीच-अडीचचे दोन भाग दिसतील. एक केंद्राचा, एक राज्याचा. दोन्ही मिळून ५ च. मात्र कर लावणाऱ्या हॉटेलाने आपला १५ अक्षरी जीएसटी क्रमांक बिलावर छापला पाहिजे. महाराष्ट्रातला हा क्रमांक २७ या आकड्याने सुरू होतो. पुष्कळ लहान हॉटेलांना गिऱ्हाइकाकडून हा कर घेताच येत नाही. क्रमांक नसेल आणि कर लावला असेल, तर शांतपणे विचारा, "मालक, तुमचा जीएसटी नंबर कोठे आहे?"

दुसरी ओळ 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'सेवा शुल्क' अशी असू शकते. लहान हॉटेलांत ती नसते. ती दिसली तर हा सरकारी कर नव्हे, हे ओळखा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, की हे शुल्क हॉटेलाने आपण होऊन बिलात घालू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. तुम्ही ते काढायला सांगू शकता. ऐकले नाही, तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन क्रमांक आहे. त्यावर तक्रार सांगता येते.

बिलावर आणखी एक १४ आकडी क्रमांक असतो. तो अन्न परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. जेवण बाधले आणि तक्रार करायची वेळ आली, तर हा क्रमांक कामाला येतो. म्हणून बिल लगेच चुरगळून टाकू नका. दोन दिवस खिशात राहू द्या.

पोटाची काळजी

परगावी पोट बिघडले तर दुहेरी खर्च. कापून ठेवलेली फळे आणि उघड्यावरचा बर्फ घातलेले सरबत टाळा. केळे बरे, त्याला देवानेच वेष्टन दिले आहे. खोबऱ्याची चटणी सकाळी चांगली असते, पण उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ती आंबते. वास घेऊन मगच खा. गरम गरम तव्यावरून आलेला पदार्थ गाडीवरचा असला तरी चालेल. काचेच्या पेटीत सकाळपासून बसलेला नको. आणि हॉटेलात शिरताना हात धुण्याची जागा पाहा. जिथे ती घाण आहे, तिथे आतली मोरी कशी असेल ते ओळखा.

पैसे संपले तर?

असे होते. मुक्काम लांबतो, गावाकडून पैसे यायला उशीर होतो. अशा वेळी उपाशी राहू नका.

टाटा आणि केईएम यांसारख्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथल्या बाईंना किंवा साहेबांना जाऊन सांगा. परळच्या आसपास सेवाभावी संस्था रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना फुकट किंवा नाममात्र पैशांत जेवण देतात. आज कोण, कोठे, किती वाजता देते, ते त्या विभागात कळते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या रोग्यांची राहण्या-जेवणाची सोय तिथे होते. जाताना रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. आयुष्यभर हातात झाडू आणि खापर घेऊन फिरलेल्या त्या साधूने धर्मशाळा का बांधल्या, हे तिथे गेल्यावर समजते.

दादरला गुरुद्वाराही आहे. शीख लोकांच्या गुरुद्वारात लंगर असतो. लंगर म्हणजे सर्वांना एकाच पंगतीत बसवून दिलेले जेवण. जात, धर्म, गाव कोणी विचारत नाही. पैसे घेत नाहीत. चपला बाहेर काढाव्या, डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्यावा, आणि वाढलेले टाकू नये.

सरकारी सोयही पाहावी. १९९५ साली आलेल्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली होती. ती पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून 'शिवभोजन' थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. करोनाच्या काळात ती काही महिने पाच रुपयांना आणि काही महिने फुकटही दिली. केंद्रे कमी-जास्त होत असतात. म्हणून जवळचे केंद्र चालू आहे का, ते विचारूनच निघावे. थाळ्यांची संख्या ठरलेली असते, तेव्हा दुपारी लवकर गेलेले बरे.

वाचा आणि सांगा

खाली एका हॉटेलाचे नमुन्याचे बिल दिले आहे. दोन माणसे जेवली. पाण्याची बाटली त्यांनी मागितली नव्हती, ती टेबलावर आणून ठेवली होती. त्यांनी ती उघडली नाही.

थाळी २, दर १८० : ३६० रुपये
पाणी १ बाटली : ४० रुपये
बेरीज : ४०० रुपये
सेवा शुल्क, शंभराला १० : ४० रुपये
जीएसटी, शंभराला ५ : २२ रुपये
एकूण : ४६२ रुपये

१. या बिलातल्या कोणत्या दोन ओळी काढायला सांगाल?
२. त्या काढल्यावर ३६० रुपयांवर जीएसटी किती होईल? एकूण किती द्यावे लागतील?
३. किती रुपये वाचले? त्यात साध्या पोळी-भाजी केंद्रात काय काय येईल, ते मुंबईला जाऊन आलेल्या शेजाऱ्याला विचारा.
४. तुमच्या तालुक्याच्या कचेरीजवळ कारकून आणि शिपाई कोठे जेवतात? तिथला दरांचा फळा पुढच्या खेपेला वहीत उतरवून आणा.